गड्याचा मुलगा

सहाव्या दिवशीही पाऊस थांबला नाही, तेव्हा धाकट्यानं ठरवलं की आता चिखलातच बटाटे काढायचे. पानं काळी पडली होती. वाकून मातीजवळ नाक नेलं की कुजका वास यायचा. अजून चार दिवस वाट बघितली असती तर कुदळीला बटाट्याऐवजी नुसता लगदा लागला असता.

घरातली चारही माणसं वावरात उतरली. धाकटा बहात्तर वर्षांचा होता, तरी गावात त्याला धाकटाच म्हणत, कारण त्याची थोरली बहीण आक्का अजून होती आणि तीही ऐंशीला टेकून रोज वावरात येत होती. धाकटा आणि त्याचा मुलगा कुदळीनं सरी फोडत पुढं जायचे, मागून सून आणि आक्का चिखलात हात घालून बटाटे वेचायच्या. आक्का प्रत्येक बटाटा अंगठ्यानं दाबून बघायची. अंगठा आत गेला की फेकून द्यायची. सकाळपासून पाटीत पडले त्याहून जास्त तिनं बांधावर फेकले होते.

"आत्याबाई, तो बरा दिसत होता," सून म्हणाली.

"दिसायला मीही बरी दिसते," आक्का म्हणाली.

तेवढ्यात वाटेवर छत्री दिसली. छत्रीखाली एक चाळिशीची बाई, एका हातात चिखलानं भरलेल्या चपला आणि काखेत कापडात गुंडाळलेली फाईल. ती तालुक्याच्या सरकारी दफ्तरातून आली होती. युद्धात पदक मिळवलेल्या शिपायाचं घर हेच का, असं तिनं बांधावरूनच विचारलं. धाकट्यानं कुदळ टेकवली आणि आक्काकडं पाहिलं. आक्का पाठीवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली.

"हेच," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

घरात सगळ्यांनी पाय धुतले. बाई खुर्चीच्या कडेवर बसली, म्हणजे ओली साडी खुर्चीला लागू नये. समोर भिंतीवर शिपायाचा फोटो होता, टोपी तिरकी, मिशी नुकती फुटलेली, आणि त्याच्याखाली काचेच्या पेटीत पदक. बाईनं ते उठून नीट पाहिलं. तालुक्याच्या चौकात शिपायाचा पुतळा बसायचा होता. चौथऱ्यावर त्याच्या वंशजांची नावं कोरायची होती आणि त्याच्या घराण्याची माहिती देणारं एक पुस्तकही निघायचं होतं. त्यासाठी वंशावळ काढायचं काम तिच्याकडं आलं होतं.

आक्का सांगू लागली. हे सांगायची तिला सवय होती. दरवर्षी पदकाच्या दिवशी कोणी ना कोणी साहेब यायचा आणि तिला पुढच्या खुर्चीवर बसवायचा. ती पाच वर्षांची असताना वडील गेले. एका नदीच्या उतारावर त्यांनी एकट्यानं दोन दिवस शत्रूला अडवून धरलं आणि सात जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन पलीकडं नेलं. आठव्याला आणायला परत गेले तेव्हा दारूगोळ्याच्या नावेचा भडका उडाला. प्रेत मिळालं नाही. पुढच्या वर्षी पदक आलं, पदकामागून ही जमीन आली. आक्काचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परतली.

बाई मोठ्या कागदावर चौकोन काढून त्यात नावं भरत होती. शिपाई, त्याची बायको, खाली आक्का.

"आणि तुम्ही, काका?" तिनं दारात उभ्या असलेल्या धाकट्याला विचारलं.

"माझा भाऊ," आक्का म्हणाली.

बाईनं आक्काशेजारी चौकोन काढला आणि जन्माचं साल विचारलं. धाकट्यानं सांगितलं. तिनं ते लिहिलं, मग वर शिपायाच्या मृत्यूचं साल पाहिलं आणि तिचा हात थांबला. ती हिशोब करत होती हे सगळ्यांना दिसत होतं. शिपाई गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी जन्मलेला मुलगा.

"सावत्र," धाकटा म्हणाला. "आई एक. वडील वेगळे."

"तुमचे वडील?"

"आमच्याकडं गडी होता."

बाईनं खाली मान घातली आणि खोडरबर काढलं. काढलेला चौकोन तिनं पुसला, कागदाच्या अगदी कडेला दुसरा काढला आणि तो आईच्या चौकोनाला तुटक रेघेनं जोडला. खोडरबराचा चुरा तिनं तळहातानं झाडला. धाकटा बघत राहिला. 'गड्याचा' हा शब्द त्यानं शाळेत ऐकला होता, चावडीवर ऐकला होता, स्वतःच्या लग्नाच्या बोलण्यातही ऐकला होता. पण कागदावर त्याची रेघ कशी दिसते हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना बाई उंबऱ्यात अडखळली. "एक सांगायला हवं," ती म्हणाली. "ही वंशावळ झाली की तुमच्या जमिनीच्या कागदाला जोडली जाईल. मी मूळ सनद वाचलीय. जमीन शिपायाच्या बायकोला आणि तिच्यामागून शिपायाच्या रक्ताच्या वारसाला. रक्ताचा वारस उरला नाही तर सरकारजमा."

"म्हणजे?" मुलानं विचारलं.

बाईनं आक्काकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आजी आहेत तोपर्यंत काही प्रश्न नाही."

दुपारी पाऊस इतका वाढला की वावरात उभं राहवेना. चौघं गोठ्यात बसून काढलेले बटाटे निवडू लागली. मुलगा कुजके बटाटे दाराबाहेर फेकत होता, जरा जास्तच जोरात.

"चाळीस वर्षं मी या जमिनीत राबतोय," तो शेवटी म्हणाला. "दादा, तुम्ही तर जन्मभर. आणि ही आपली नाहीच?"

धाकटा पुढचा बटाटा उचलून माती पुसू लागला.

"सांग त्याला," आक्का म्हणाली.

"आक्का, राहू दे."

"मग मी सांगते. माझ्याकडं किती दिवस आहेत?" तिनं हातातला बटाटा खाली ठेवला. "गडी म्हणजे तुझे आजोबा. तो फोटोतला माणूस आणि गडी, एकच."

सुनेचे हात थांबले. मुलगा आत्याकडं आणि बापाकडं आळीपाळीनं बघत राहिला.

आक्का सांगत गेली तेव्हा तिचा आवाज पाहुण्यांपुढं असायचा तसा नव्हता. ती सात वर्षांची होती. जमीन मिळून चार महिने झाले होते. संध्याकाळी दारात एक माणूस उभा राहिला, अर्धा चेहरा भाजून वितळल्यासारखा, कान नाही, एक डोळा मिटलेला. तिनं भिऊन आपल्या आजोबांच्या, शिपायाच्या वडिलांच्या, पायांना मिठी मारली. मग तो माणूस बोलला आणि तिनं आवाज ओळखला. भडका उडाला तेव्हा तो नदीतून वाहत दूर गेला होता. कुठल्या तरी इस्पितळात महिनोन्‌महिने होता, आणि परत फलटणीत धाडणार असं कानावर आलं तसा तिथून रात्रीचा निघून चालत घरी आला होता.

"पळून आलेल्याला तेव्हा गोळी घालायचे," आक्का म्हणाली. "आणि इकडं तर तो मेला म्हणून पदक आलेलं, जमीन आलेली, साहेब येऊन भाषण करून गेलेला. आजोबांनी दार लावलं आणि म्हणाले, मेलेल्याला मिळालंय ते जिवंताला ठेवून घेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी गावात सांगितलं, लांबून गडी आणलाय. मला समोर बसवून म्हणाले, याला बाबा म्हणायचं नाही. एकदा पोस्टमनसमोर तोंडातून निघालं. आजोबांनी अशी थोबाडीत दिली की दात हलला. मी परत कधी तसं म्हटलं नाही."

"घरात तरी?"

"सवय लागली तर बाहेर निघेल म्हणून घरातही नाही."

"गावाला कळलं नाही?"

"त्या चेहऱ्याकडं कोण बघत होतं? तो इथंच झोपायचा, या गोठ्यात. आणि मग आईला दिवस गेले. शिपायाची विधवा गड्याबरोबर राहिली, असं गाव म्हणालं. विहिरीवर बायका तिची घागर बाजूला सारायच्या. ती एकदाही काही बोलली नाही. बोलणार काय? तोंड उघडलं असतं तर अब्रू राहिली असती आणि नवरा गेला असता."

धाकटा उठून दाराशी गेला. त्याला हे आईनं मरताना सांगितलं होतं, तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि गडी मरून अठरा वर्षं झाली होती. त्याआधी त्याला एवढंच माहीत होतं की त्या विद्रूप माणसामुळं पोरं आपल्याला खेळायला घेत नाहीत. नऊ वर्षांचा असताना त्यानं त्याला दगड मारला होता. पदकाचा दिवस होता. अंगणात साहेब फोटोसमोर उभे राहून शिपायाच्या शौर्याबद्दल बोलत होते आणि गडी मागं साहेबांची छत्री धरून उभा होता, ओला होत. पोरं धाकट्याकडं बघून हसली. त्यानं दगड उचलला. तो गड्याच्या खांद्याला लागला, पण त्यानं छत्री हलू दिली नाही. भाषण संपेपर्यंत तसाच उभा राहिला. हे धाकट्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"आता रक्तावरून कळतं," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम जीव आला होता. "दादांचं आणि आत्याचं रक्त तपासलं की सख्खे आहेत हे सिद्ध होईल. मग दादा वारस, मग मी."

"आणि मग ते विचारतील, मेलेल्या शिपायाला मुलगा कसा झाला," सून हळू आवाजात म्हणाली. "पदक परत मागतील. जमीन फसवून घेतली म्हणून काढून घेतील. तीही आत्ताच, आत्याबाईंच्या देखत."

मुलाच्या हातात बटाटा तसाच राहिला. "म्हणजे आजोबा परत आले म्हटलं तर जमीन आज जाणार, आणि नाही आले म्हटलं तर आत्या गेल्यावर."

"तेच तर," धाकटा दाराकडं तोंड ठेवून म्हणाला. "बेचाळीस वर्षं तेवढंच विचारतोय स्वतःला, दुसरी वाट कोणती."

दुसऱ्या दिवसापासून घरात एक बदल झाला. तो कोणी ठरवला नव्हता. सकाळी आक्का पाटी उचलायला गेली तर सुनेनं ती आधीच घेतली होती. "आज तुम्ही घरातच थांबा, पाऊस फार आहे." त्याच्या दुसऱ्या दिवशीही पाऊस फार होता. मुलानं आक्काच्या खोलीच्या कौलांची गळती काढली. ती तीन पावसाळे गळत होती. दुपारी गरम दूध आलं, संध्याकाळी पायाला तेल. आक्का खिडकीशी बसून वावराकडं बघायची. तिघं ओणवी होऊन चिखलात सरकताना दिसायची. तिच्या नसण्यानं काम मागं पडत होतं. सुनेच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

चौथ्या दिवशी सुनेनं दूध आणलं तेव्हा आक्कानं पेला हातात घेतला आणि विचारलं, "हे मला की जमिनीला?"

सून उभी राहिली. तिचे डोळे भरले. "मला नाही कळत, आत्याबाई," ती म्हणाली. "खरंच नाही कळत आता."

आक्कानं दूध पिऊन टाकलं. सून खोटं बोलली नाही हे तिला आवडलं होतं, आणि म्हणूनच पुढं भांडायलाही काही उरलं नव्हतं.

दफ्तरातली बाई आठवड्यानं परत आली. या वेळी तिनं छत्री दाराबाहेर ठेवली, दार स्वतःच लोटून घेतलं आणि फाईलमधून एक जुनी यादी काढली. कागद कडेनं झडत होता. नदीपासून बऱ्याच लांबच्या एका लष्करी इस्पितळात भाजलेल्या जखमींची ती यादी होती. बाईनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा नंबर शिपायाचा आहे. दाखल झाल्याची तारीख ते गेले त्यानंतर तीन आठवड्यांची. पुढं शेरा आहे, न सांगता निघून गेला." ती थांबली. "आजी, तुमच्या गड्याला कोणी ओळखणारं आहे का गावात अजून? मी दोघातिघांशी बोलले. त्याचा चेहरा भाजलेला होता असं म्हणतात."

बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

"लहानपणी चुलीत पडला होता," आक्का म्हणाली.

"असं होतं खरं," बाई म्हणाली. तिनं यादी पुन्हा घडी घातली, पण फाईलमध्ये ठेवली नाही. मांडीवरच धरून बसली. "त्या काळात नंबर चुकायचे. एकाच्या जागी दुसऱ्याचा पडायचा. मी तसं लिहू शकते. पण मी जे लिहीन त्याचा कागद होणार, आणि एकदा कागद झाला की मलाही तो बदलता येणार नाही. म्हणून विचारायला आले. काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. आणि सांगितलंत तर मला ते लिहावं लागेल. नोकरी आहे माझी."

आक्कानं खुर्चीचे हात धरले आणि पुढं झुकली. धाकट्याला कळलं की ती बोलणार. तिच्या चेहऱ्यावर त्याला आई दिसली, विहिरीवरून घागर न भरताच परत येणारी. एका वाक्यानं आईवरचा तो डाग धुतला गेला असता. त्याच वाक्यानं फोटोतला माणूस भिंतीवरून खाली आला असता, आणि चौकातला पुतळा उभा राहण्याआधीच पडला असता. त्यानं सात जणांना पाठीवर नेलं होतं, पण लोकांनी लक्षात ठेवलं असतं ते त्याचं पळून येणं.

"मी गड्याचा मुलगा," धाकटा म्हणाला.

आक्कानं त्याच्याकडं पाहिलं.

"लिहा, बाई. आमचा गडी चांगला माणूस होता. लांबून आला होता. माझा बाप तो." बहात्तर वर्षांत हे वाक्य त्यानं स्वतःहून कधी उच्चारलं नव्हतं, दुसऱ्यांनी म्हटलं तेव्हा मारामारी केली होती. म्हणता म्हणता त्याला जाणवलं की यातला एकही शब्द खोटा नाही.

बाई बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. मग तिनं यादीवर पेन्सिलीनं लिहिलं, नंबर चुकीचा असावा. वंशावळीचा कागद पुढं केला. कडेच्या चौकोनाखाली 'सावत्र भाऊ' असं छापलं होतं. धाकट्याची बोटं चिखलानं आणि गारठ्यानं ताठली होती. सही करताना पेन दोनदा निसटलं, तेव्हा बाईनं कागद धरला. तिनं त्याचे आभार मानले नाहीत. जाताना ती फोटोसमोर थांबली नाही. गोठ्याकडं मात्र एकदा वळून पाहिलं आणि वाटेला लागली.

"का रे?" ती गेल्यावर आक्का म्हणाली. "मी बोलणार होते."

"माहितीय."

"मग?"

"तुला आज बेघर करू? या वयात?"

"आणि याला उद्या करणार," ती मुलाकडं बोट करून म्हणाली. मुलगा कुदळ घेऊन बाहेर पडला. त्याला राग कोणावर धरायचा ते सापडत नव्हतं, हे त्याच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

पुढचे दिवस तसेच गेले. मुलगा बापाशी कामापुरतं बोलायचा. आक्काला थंडी बाधली, दोन दिवस ती खोकत पडली, आणि त्या दोन दिवसांत घरात कोणी नीट जेवलं नाही. खोकल्याची उबळ आली की वावरातही तिघांचे हात थांबायचे. दुसऱ्या दिवशी मुलानं डॉक्टरांना पाठीवर बसवून ओढा पार करून आणलं. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. सून भिंतीला धरून खाली बसली.

शेवटच्या तीन सऱ्या राहिल्या होत्या तेव्हा आक्का बाहेर आली. अंगावर पोतं घेतलेलं, पायात काही नाही. सून छत्री घेऊन मागून धावली. मुलगा आडवा आला.

"आत्या, आत जा. तुला काही झालं तर..."

"तर काय? पुरं कर."

त्यानं बापाकडं पाहिलं. धाकटा सरीत ओणवा होता. तो बाजूला सरकला आणि आपल्या शेजारी जागा केली.

"दादा, डॉक्टरांनी सांगितलंय," मुलगा म्हणाला.

"माझी बहीण आहे ती," धाकटा म्हणाला. "सनद नाही. येऊ दे."

आक्का आली आणि गुडघे टेकून बसली. कुदळ तिनं घेतली नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले, चाचपडली आणि एक बटाटा वर काढला. अंगठ्यानं दाबला. पाटीत टाकला. चार बोटांवर दुसरा मिळाला. सून थोडा वेळ छत्री धरून उभी होती, मग छत्री मिटून तीही खाली बसली. मुलगा पलीकडच्या सरीला गेला.

"हे असं हातानंच काढायचे," आक्का म्हणाली. "कुदळीनं चिरतो म्हणून. या सगळ्या वावरात पहिल्या वर्षी त्यांनी एकही बटाटा चिरू दिला नव्हता."

"कोणी?"

"बाबांनी."

धाकट्याचे हात मातीत थांबले. तिच्या तोंडून हा शब्द उघड्यावर त्यानं कधीच ऐकला नव्हता.

"मी अशी मागून वेचत यायचे," ती बोलत राहिली. पावसामुळं तिला आवाज चढवावा लागत होता. "पुढं तू झालास, तेव्हा पाटीत झोपलेला असायचास. बाबा सरीच्या टोकाला गेले की उठून तुझ्यावरची माशी हाकलायचे, आणि परत येऊन बसायचे. कोणी बघत नसलं की तुझा पाय असा हातात धरायचे. बाबा म्हणायचे..."

धाकट्यानं मान वर करून रस्त्याकडं पाहिलं. रस्ता टोकापर्यंत रिकामा होता. बांधावर कोणी नव्हतं, पलीकडच्या वावरातही कोणी नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला. "हळू."

ती गप्प झाली. मग तिनं मान डोलावली आणि आवाज खाली आणून पुढं सांगू लागली. पावसात तो नीट ऐकू येईना, म्हणून धाकटा गुडघ्यांवर तिच्याकडं सरकला.